तिसरा ट्रान्सफॉर्मर

मुकुंद लासूरकरांचं ठाम म्हणणं होतं की अ‍ॅम्प्लिफायर बिघडलाय, आणि त्यापुढे ते कुणाचं काही ऐकून घेत नव्हते. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, समर्थनगरच्या फ्लॅटमध्ये ते एकटेच उरले होते, पण बिघडला होता तो अ‍ॅम्प्लिफायर. स्वतः ते ठणठणीत. दोन वेळचा डबा येत होता, तो संपत होता. नळाला पाणी यायच्या दिवशी वेळेवर उठून मोटर लावत होते. पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचत होते. भेटायला आलेला माणूस जाताना म्हणायचा, 'खंबीर आहेत हो लासूरकर.'

खंबीरपणाचं एवढं कौतुक करावं असं त्यात काही नव्हतं. सुरेखाताईंना साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि घरी आणलं ते शेवटचंच. तेव्हापासून मुकुंदरावांना रडू आलं नव्हतं. त्यांनी अडवलं होतं असं नाही, आलंच नव्हतं. कंपनीतल्या लोकांनी श्रद्धांजलीची सभा ठेवली, तिथं माइक घूं करत होता, तर हेच खुर्चीतून उठले, वायर हलवून माइक गप्प केला आणि परत येऊन बसले. पुढेही तसंच चाललं. भाजी खारट झाली तर कळायचं, ऊन लागलं तर कळायचं, पण कळण्याच्या पलीकडे काही जायचं नाही. नातवाचा वाढदिवस झाला. यांनी टाळ्या वाजवल्या, केक खाल्ला आणि रिक्षानं घरी आले.

आता अ‍ॅम्प्लिफायरचं सांगायला हवं. तो त्या घरातला तिसरा माणूस होता. मुलगी मनस्विनी नंतर आली, हा तिच्याही आधीचा. मुकुंदरावांनी तो हातानं बांधला होता. वाळूजच्या कारखान्यात क्वालिटी खात्यात त्यांचा जन्म गेला. दिवसभर दुसऱ्यांच्या मालात खोट काढायची आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःच्या अ‍ॅम्पमध्ये खोट काढायची, हीच त्यांची करमणूक. कधी एखादा कॅपॅसिटर बदल, कधी एखादी वायर दुसरीकडून ने. काही बदललं की स्वयंपाकघरात हाक जायची, 'सुरेखा, जरा ये गं.' काय बदललंय ते सांगायचं नाही, हा नियम. सुरेखाताई पदराला हात पुसत यायच्या, खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसायच्या आणि दर वेळी तीच सारंगी ऐकायच्या. कधीकाळी रेडिओवरून टेपवर उतरवलेली ती सारंगी पुढे मनस्विनीनं कॉम्प्युटरवर घालून दिली होती.

'कसं वाटतंय?'

'आज मोकळा आहे आवाज,' त्या म्हणायच्या. नाहीतर म्हणायच्या, 'घशात अडकल्यासारखा वाटतोय हो.' त्यांनी मोकळा म्हटलं की तो पार्ट राहायचा. अडकला म्हटलं की निघायचा, मग तो मुंबईहून मागवलेला का असेना. कारखान्यात मीटरशिवाय कुणाच्या बापाचं न ऐकणारा हा माणूस घरी एका बाईच्या कानावर चालायचा. मित्रांना सांगायचाही, की हिचे कान म्हणजे कान. मित्र हसायचे. त्यांना काय कळणार, असं मुकुंदरावांना वाटायचं.

सुरेखाताई गेल्यावर अ‍ॅम्पवर कापड पडलं ते पडलंच. मग एका बुधवारी मनस्विनी आली. गारखेड्याला राहते ती, बँकेत आहे, दर बुधवारी बँकेतून परस्पर वडिलांकडे येते. आली तशी डबे फ्रिजमध्ये लावत, बँकेतल्या गमती सांगत, हसत म्हणाली, 'बाबा, वर्षश्राद्धाला जेवणं झाली की आईची ती सारंगी लावू या का? सगळे बसतील थोडा वेळ. छान वाटेल.'

'लावू की,' मुकुंदराव म्हणाले. नाही म्हणायला काही कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी कापड काढलं, अ‍ॅम्प तापू दिला आणि सारंगी लावली. त्या वादनात एक जागा होती. गज तारेवरून उचलला जातो, आणि खालच्या तरफांच्या तारा कुणी हात लावलेला नसताना आपल्याआपण क्षणभर गुणगुणत राहतात. तिथं मुकुंदरावांच्या उजव्या हातावर काटा यायचा. तीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता. ती जागा जवळ आली तशी त्यांनी बाही वर केली आणि हाताकडे बघत बसले. गज उचलला गेला, तरफा गुणगुणल्या, थांबल्या. हात मांडीवर नुसता पडून होता. त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग त्यांनी बाही खाली केली, बटण लावलं आणि निकाल दिला की आवाजात जीव नाही, अ‍ॅम्प बिघडलाय.

दुसरं कुणी असतं तर इथं थोडं थांबलं असतं. मुकुंदराव थांबणाऱ्यातले नव्हते. वर्षश्राद्धाच्या आत तो काटा परत आणायचा, एवढं त्यांनी मनाशी धरलं, आणि वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना काही धरण्यासारखं मिळालं.

साधनाची अडचण नव्हती. जावयानं, केयूरनं, त्यांना गुंतवून ठेवायचं म्हणून दिवाळीत एक डिजिटल ऑसिलोस्कोप आणून दिला होता. विजेची हालचाल पडद्यावर रेघ काढून दाखवणारा हा डबा टेबलाखाली खोक्यात पडून होता. तो वर आला. अ‍ॅम्प बांधणाऱ्या हौशी लोकांचे इंटरनेटवर कट्टे असतात. त्या कट्ट्यांवर मुकुंदरावांनी आठवडाभर वाचन केलं आणि त्यांना संशयित सापडला. त्याचं नाव रिंगिंग.

गोष्ट साधी आहे. अ‍ॅम्पला लागणारी वीज ट्रान्सफॉर्मरमधून येते आणि पुढे डायोड नावाच्या झडपेतून जाते. डायोड सेकंदाला शंभर वेळा उघडझाप करतो. तो मिटला की मागं ट्रान्सफॉर्मरच्या तारेत एक बारीक थरथर उठते. पितळी ताटावर पळी आपटली की ताट थोडा वेळ घुमत राहतं ना, तसं. कानाला ती थरथर ऐकू येत नाही, पण पुढच्या सर्किटात शिरून आवाज गढूळ करते, असं त्या मंडळींचं म्हणणं. घुमणाऱ्या ताटाला बोट लावलं की ते गप्प होतं. इथं बोटाच्या जागी एक रेझिस्टर आणि एक कॅपॅसिटर लावायचा. बोट केवढं लावायचं ते मात्र अंदाजानं ठरत नाही, स्कोपवर बघून ठरवावं लागतं.

त्यासाठी मुकुंदरावांनी एक चिमुकलं सर्किट जोडलं. ते ट्रान्सफॉर्मरला सारख्या टिचक्या मारायचं, आणि प्रत्येक टिचकीबरोबर पडद्यावर लाट उठायची, लहान होत होत विरायची. लाट बघून मुकुंदराव खूश झाले. खूश म्हणजे त्या काळात ते जेवढे होऊ शकत होते तेवढे. सापडला म्हणाले चोर. स्क्रू-ड्रायव्हरनं रेझिस्टरची किंमत कमीजास्त करत गेले तशी लाट बसत गेली आणि शेवटी आडवी झाली. राहिलं फक्त एक शेपूट. अगदी सुरुवातीला, टिचकीच्या अंगाला लागून, केसाएवढी बारीक थरथर. काही केल्या ती जाईना. रेझिस्टर बदलले, कॅपॅसिटर बदलले, शेपूट जागच्या जागी. कट्ट्यावर विचारलं तर कुणी लिहिलं की गुंडाळणी नीट नसेल. झालं, मुकुंदरावांनी अ‍ॅम्पमधून ट्रान्सफॉर्मर उपसून पिशवीत घातला आणि पडेगाव गाठलं.

तो ट्रान्सफॉर्मर कडूबानं गुंडाळलेला होता. पडेगावला दौलताबादच्या रस्त्याला लागून कडूबाचं पत्र्याचं शेड आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी भरून द्यायच्या, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळून द्यायची, हा त्याचा धंदा. ट्रान्सफॉर्मर तो फक्त लासूरकर साहेबांसाठी करायचा, जुन्या ओळखीखातर.

'लोड घेईना का, साहेब?' कडूबानं पिशवीत डोकावून विचारलं.

'लोड घेतो.'

'गरम व्हतो?'

'नाही.'

'वास मारतो?'

'नाही रे. शेपूट आहे त्याला.' मुकुंदरावांनी मोबाइलवर पडद्याचा फोटो दाखवला. बोट ठेवून शेपूट कोणतं तेही दाखवलं.

कडूबानं फोटो लांब धरला, जवळ धरला. 'ह्ये तुम्हाला ऐकू येतं का?'

'ऐकू कसं येईल? दिसतं.'

'मंग बघूच नका ना त्याच्याकडं.'

'कडूबा, नवीन गुंडाळून दे. थरांमध्ये कागद जास्त घाल. आणि दोन्ही गुंडाळ्या वेगवेगळ्या ठेव.'

'देतो की.' कडूबानं नव्या गाभ्याचं माप घेतलं, जुना ट्रान्सफॉर्मर पुसून परत पिशवीत घातला आणि मग म्हणाला, 'साहेब, राग नका मानू. वैनी गेल्या तव्हा मी घरी आलो व्हतो. तुम्ही दारातच मला इचारलं, आजकाल तार कुठून आणतोस म्हणून. मला लई कसंतरी झालं. परत येताना मी बसमधी रडलो, अन् तुम्ही तारंचं इचारत व्हता.'

मुकुंदरावांना ते आठवत होतं. 'तार चांगली होती तुझी,' ते म्हणाले, 'म्हणून विचारलं.'

'व्हय,' कडूबा म्हणाला. त्यानं मापाचा कागद खिशात घातला.

दुसरा ट्रान्सफॉर्मर आला. शेपूट होतं. मुकुंदरावांनी पुन्हा पडेगाव गाठलं, कडूबाला भर दुपारी चार शब्द सुनावले, लक्ष देऊन कर म्हणाले. कडूबानं तिसरा गुंडाळला, मधे तांब्याचा पत्रा घालून, दोन दिवस दुसरं काम बाजूला ठेवून. तिसऱ्यालाही शेपूट होतं.

खरं सांगायचं तर शेपूट होतं तोवर मुकुंदरावांचं बरं चाललं होतं. सकाळी उठायला कारण होतं. चहा घेऊन टेबलाशी बसलं की दुपार कधी झाली ते कळायचं नाही. मनस्विनी बुधवारी यायची, हसून विचारायची, 'बाबा, कुठवर आलं?' हे पडद्यावरची नजर न काढता म्हणायचे, 'एक बारीकसं राहिलंय.' ती म्हणायची, 'वा!' आणि डबे लावायला जायची. दोघांचं इतकं सुरळीत चाललेलं बघून कुणालाही बरं वाटलं असतं.

वर्षश्राद्धाला थोडेच दिवस उरले होते तेव्हा मुकुंदरावांनी कंटाळून एक गोष्ट केली. तिन्ही ट्रान्सफॉर्मरच्या लाटा स्कोपच्या पोटात साठवलेल्या होत्या. त्या त्यांनी पडद्यावर एकीवर एक ठेवल्या. लाटा वेगवेगळ्या होत्या. होणारच, गुंडाळणी वेगळी, कागद वेगळा, तिसऱ्यात तर पत्रा. पण तिन्ही शेपटं एकमेकांवर तंतोतंत बसली. तीन घरच्या तीन पोरांच्या गालावर एकाच जागी तीळ असावा, तशी.

मुकुंदरावांनी पडदा पुसून पुन्हा बघितला. मग त्यांचे कान तापले. कारखान्यात नव्या माणसाला त्यांनी पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट ही, की माल नापास करायच्या आधी मीटर तपास. पोरं पाठीमागं त्यांची नक्कल करायची, बोट वर करून, 'आधी मीटर, मग माल!' आणि आता ते स्वतः महिनाभर मीटर न तपासता कडूबाला शिव्या देत होते.

स्कोपची टोचणी असते, तिला प्रोब म्हणतात. तिला मोजायच्या जागेवर टेकवायचं, आणि तिच्या अंगातून निघणारी काळी वायर अर्थिंगला चिमट्यानं लावायची. मुकुंदरावांनी प्रोबचं टोक उचललं आणि त्या काळ्या वायरच्याच चिमट्यावर टेकवलं. आता पडद्यावर सरळ रेघ यायला हवी होती, कारण मोजायला काही नव्हतंच. पडद्यावर शेपूट आलं. तेच ते, केसाएवढं.

ट्रान्सफॉर्मरचा काही संबंधच नव्हता. ती वीतभर काळी वायर सर्किटाची टिचकी हवेतूनच झेलत होती आणि स्वतःच थरथरत होती. स्कोपच्या खोक्यात एका न फोडलेल्या प्लास्टिकच्या पुडीत छोटी स्प्रिंग होती, याच कामासाठी दिलेली. मुकुंदरावांनी वायर काढून ती स्प्रिंग लावली. कडूबाचा पहिला ट्रान्सफॉर्मर, मनस्विनीच्या जन्माआधीचा, पुन्हा जोडला. पडद्यावर लाट आडवी झाली ती अगदी पहिल्या टोकापासून आडवी. शेपटाचा मागमूस नाही.

आता या माणसानं उडी मारायला हवी होती. त्याऐवजी मुकुंदरावांनी स्कोप बंद केला. बरं चालणारं काम संपलं होतं आणि दोष ठेवायला जागा उरली नव्हती. अ‍ॅम्प चांगला, ट्रान्सफॉर्मर चांगला, डायोड चांगले. आता सारंगी लावली आणि हातावर काटा नाही आला तर? त्यांनी सारंगी लावली नाही. त्यांनी कडूबाला फोन लावला.

'कडूबा, तुझा ट्रान्सफॉर्मर चांगला आहे.'

'कोणता?'

'तिन्ही.'

'पहिला बी?'

'पहिलाही. खोट माझ्या प्रोबच्या वायरीत होती. तुला उगीच बोललो मी. चुकलं माझं.'

पलीकडे मोटार भरायचं यंत्र चालू होतं, ते बंद झाल्याचं ऐकू आलं. 'जाऊ द्या, साहेब,' कडूबा म्हणाला. 'सापडलं ना? मिटलं मंग.'

'हो,' म्हणून मुकुंदरावांनी फोन ठेवला. मिटलं नव्हतं, हे त्यांना कळत होतं.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी मनस्विनी रजा टाकून आली. येताना केळीची पानं आणि आमसुलं घेऊन आली होती. तिनं बैठकीच्या खोलीतलं सामान सरकवलं, सतरंजी घातली, जेवणाऱ्यांच्या जागा मोजल्या आणि हातासरशी खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीवरची धूळही पुसली.

'झाला का दुरुस्त?' तिनं हसत विचारलं.

'झाला.' मुकुंदराव टेबलाशी उभे होते. अ‍ॅम्पमध्ये सगळं जागच्या जागी बसलं होतं. त्या नव्या रेझिस्टर-कॅपॅसिटरला त्यांनी एक बटण लावलं होतं, पाहिजे तेव्हा चालू, पाहिजे तेव्हा बंद. 'बस तिथं,' ते म्हणाले. 'तुझ्यात आईचे कान आलेत का बघू. दोनदा लावतो. कोणतं बरं ते सांगायचं.'

मनस्विनी खुर्चीत बसली. हात मांडीवर घेऊन, वडिलांकडे तोंड करून.

पहिल्यांदा सारंगी झाली. दुसऱ्यांदा झाली. दोन्ही वेळा ती जागा आली, गज उचलला गेला, तरफा आपल्याआपण गुणगुणल्या. आवाज इतका स्वच्छ होता की गज उचलल्यावर वादकानं श्वास घेतलेलाही ऐकू आला. मुकुंदरावांनी बाही वर केलीच होती. हातावर काही आलं नाही. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही. मग अ‍ॅम्पला नावं ठेवायची सोय राहिली नव्हती.

'दुसऱ्यांदा बरं वाटलं,' मनस्विनी म्हणाली. 'मोकळं वाटलं, बाबा.'

'दुसऱ्यांदा मी बटण हलवलंच नाही, मनू,' मुकुंदराव म्हणाले. 'विसरलो.'

मनस्विनीचं हसू तसंच राहिलं, पण तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. लहानपणी खोटं पकडलं गेलं की व्हायच्या तशाच.

'मग कशावरून म्हणालीस?'

'रागावू नका,' ती म्हणाली. 'मला खरंच काही फरक कळत नाही. आईलाही कळायचा नाही.'

'काय?'

'तिनंच सांगितलं होतं मला. माझं लग्न ठरलं तेव्हा. म्हणाली, तुझ्या बाबांना वाटतं मला आवाजातलं कळतं. मला मेलीला काय कळतंय! मी आपली त्यांच्या तोंडाकडे बघते. सारंगीच्या त्या जागेला त्यांचा चेहरा सैल पडला तर म्हणते मोकळा आहे. कपाळाला आठी आली तर म्हणते अडकलाय. म्हणाली, कधी चुकले नाही मी.'

मुकुंदराव टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसले. त्यांना एकेक पार्ट आठवू लागला. ठेवलेले, फेकलेले, मुंबईहून मागवलेले. तीस वर्षं त्या बाईनं एक सूर ऐकला नव्हता. ती कढईखालचा गॅस बारीक करून यायची आणि नवऱ्याचं तोंड ऐकत बसायची. अ‍ॅम्प सुधारत गेला होता तो त्यांच्याच चेहऱ्यावरून. यावर हसायला यायला हवं होतं, किंवा वाईट वाटायला हवं होतं. मुकुंदरावांनी वाट बघितली. दोन्हींतलं काही आलं नाही.

'आणि आज?' त्यांनी विचारलं. 'आज काय दिसलं तुला?'

मनस्विनी खाली बघत होती. 'आज काहीच नाही दिसलं,' ती म्हणाली. 'म्हणून अंदाजानं बोलले.'

खाली कुणाच्या तरी पाण्याची मोटार चालू झाली. मुकुंदरावांनी वर केलेली बाही खाली घेतली.

'दिसायला तिथं काही नाहीच आहे,' ते म्हणाले. 'मला काही वाटत नाही, मनू. तुझी आई गेली, ती गेली हे मला माहीत आहे, पण त्याचं काही वाटत नाही. वर्ष झालं. लोक खंबीर म्हणतात. मला वाटलं अ‍ॅम्प बिघडलाय.'

असं काय बोलता, असं ती म्हणाली नाही. तिनं खुर्चीच्या हाताचा वेत नखानं खरवडला आणि मग एकदम म्हणाली, 'मलापण नाही वाटत.'

'तुला?'

'सुरुवातीला वाटायचं. पण मी इथं रडत आले तर तुम्हाला अजून त्रास, म्हणून हसून यायचं ठरवलं. बुधवारी खाली गाडी लावते, वर येताना जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबते. मीटरचे डबे आहेत ना, तिथं. तिथं थांबून तोंड नीट करते. दोन-तीनदा हसून बघते, आवाज लावून बघते. मग बेल वाजवते.' ती सांगत होती आणि चेहऱ्यावर अजून तेच हसू होतं, ते उतरायला विसरलं होतं. 'आता तर तेवढंही करावं लागत नाही, बाबा. तोंड तसंच राहतं. केयूर म्हणाला, तू फोटोतल्यासारखी हसतेस. मला कळलंच नाही त्याला काय म्हणायचंय.'

मुकुंदरावांना ते वळण दिसलं. अंधारी जागा, मीटरचे डबे, भिंतीवर पानाची पिचकारी. आणि तिथं बँकेतून थकून आलेली, हातात डब्यांची पिशवी घेतलेली आपली मुलगी, कुणी नसताना एकटीच हसून बघतेय. दर बुधवारी. त्याच वेळी वर आपण पडद्यावरचं शेपूट बघतोय. ती आली की मान न वळवता म्हणतोय, ये, एक बारीकसं राहिलंय.

त्यांना दुखलं. छातीत, बरगडीच्या आत, सरळ दुखलं. वर्षभर जे काही कळत होतं ते बाहेरच राहत होतं, हे आत गेलं. त्यांनी टेबलाची कड धरली. तोंडातून एक आवाज निघाला तो त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. मनस्विनी घाबरून उठली, 'बाबा, काय होतंय?' म्हणत जवळ आली. त्यांनी तिचा हात धरला आणि वर्षभराचं रडू, सुरेखाताईंसाठी होतं की या पोरीसाठी ते त्यांना सांगता आलं नसतं, ते बाहेर आलं. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावरचं हसू मोडत गेलं. मग ती त्यांच्या पायाशी सतरंजीवर बसली आणि त्यांच्या गुडघ्यात डोकं घालून रडू लागली.

पुष्कळ वेळानं मुकुंदरावांना बोलता आलं.

'उद्या जिन्यात थांबायचं नाही,' ते म्हणाले. 'असशील तशी वर ये.'